पूर्णाकाठची पायधुणी

नगरहून गाडी सुटली तेव्हा रिबेकामावशीने माझ्या पायांकडे निरखून पाहिले आणि विचारले, "हे घालून चालणार आहेस तू?"

माझ्या पायांत नवे कोरे, पांढरेशुभ्र कॅनव्हासचे बूट होते. या प्रवासासाठीच मी ते हौसेने घेतले होते. शाळेत मुलींना कवायत शिकवणारी बाई मी; चालण्याची मला कसली भीती! मी मावशीला ऐकवले, "मावशी, तू तुझे गुडघे सांभाळ. माझ्या पायांची काळजी करू नकोस."

"बरं," म्हणून ती खिडकीबाहेर पाहू लागली. मावशीचे हे 'बरं' फार वाईट. ते ऐकले की आपण कुठेतरी चुकलो आहोत असे उगाच वाटायला लागते.

आम्ही निघालो होतो मोगलाईत (निजामच्या राज्याला आमच्याकडे सर्रास मोगलाईच म्हणतात), परभणी जिल्ह्यात, चिंचघाटच्या जत्रेला. ही जत्रा आपल्या लोकांची, म्हणजे ख्रिस्ती लोकांची. माझ्या आजोबांच्या काळात एक उपदेशक जालन्याकडून चालत चालत पूर्णा नदीच्या काठी आले. पाय फुटलेले, घशाला कोरड. पण परक्या धर्माचा माणूस म्हणून गावात कुणी त्यांना पाणी देईना. शेवटी एका म्हातारीने नदीतून घागर भरून आणली, त्यांना पाणी पाजले आणि त्यांचे पाय धुतले. तेव्हापासून दरवर्षी उत्तम शुक्रवारच्या आदल्या दिवशी, ज्या दिवशी प्रभूने शिष्यांचे पाय धुतले त्या दिवशी, आसपासच्या गावांतले ख्रिस्ती त्यांच्यासारखेच पायी येतात आणि नदीच्या वाळवंटात एकमेकांचे पाय धुतात. त्याला 'पायधुणी' म्हणतात. तिचे नियम मावशीने मला गाडीतच पढवले. आपले पाय आपण धुवायचे नाहीत. आपल्या गावच्या माणसानेच ते धुवायचे. आणि शेवटच्या माणसाचे पाय धुतले जाईपर्यंत कुणी जेवायला बसायचे नाही.

"आणि ज्याच्या गावचं कुणीच नसेल त्यानं काय करायचं?" मी सहज विचारले.

मावशीने खिडकीतून मान आत घेतली. मग तिने जे सांगितले ते मला तोवर ठाऊकच नव्हते.

माझी आई आणि रिबेकामावशी सख्ख्या बहिणी नव्हेत. दोघी जालन्याच्या मिशनच्या अनाथाश्रमात एका चटईवर वाढल्या, एवढेच त्यांचे नाते. मावशी धनगराची मुलगी. बोरमाळ हे तिचे गाव. मोठ्या दुष्काळात मेंढरे मेली, घरात दाणा राहिला नाही, तेव्हा बापाने तिला मिशनच्या दारात आणून सोडले आणि तान्ह्या भावाला घेऊन तो परत गेला. पुढे पाऊस झाला, तेव्हा तो तिला न्यायलाही आला होता. पण जातीच्या पंचांनी सांगितले की पोरीने मिशनचे अन्न खाल्ले आहे, ती घरात येणार असेल तर तुम्ही सगळे जातीबाहेर. बाप दारातूनच परतला. त्यानंतर तो गेला, आईही गेली. उरला तो धाकटा भाऊ, सटवा.

"दोन साल गेले मी जत्रेला," मावशी म्हणाली. "दोन्ही साली दुसऱ्याच गावच्या बायांनी पाय धुतले. भल्या बाया होत्या. पण धूत असताना मला वाटायचं, हिचं माझं काय? या साली मी सटवाला निरोप धाडलाय. तू आलास तर तू धू. नाही आलास तर कुणालाच धुऊ देणार नाही."

"म्हणजे? सगळी जत्रा उपाशी ठेवणार तू?"

"बघू," मावशी म्हणाली. हेही तिचे 'बरं'सारखेच.

मनमाडला आम्ही निजामच्या छोट्या गाडीत बसलो. डबे लहान, रूळ लहान, पण शिट्टी मात्र मोठ्या गाडीपेक्षा मोठी. मोगलाईची हद्द लागल्यावर करोडगिरीचे (जकातीचे) लोक डब्यात चढले. एका दाढीवाल्या वयस्कर शिपायाने माझी टोपली उघडायला लावली. आत नानकटाई होती. त्याने झाकण लावले, मग पुन्हा उघडले, वास घेतला आणि विचारले, "बाई, हे विकायला न्यायलेत का?"

"जत्रेला नेतोय, खायला."

"कोणती जत्रा?"

मी सांगितले. त्याने मावशीकडे, माझ्याकडे आणि शेवटी माझ्या बुटांकडे पाहिले. "पायदळ जाणार? या बुटात?" असे म्हणून तो हसत पुढच्या बाकाकडे गेला. जाताना दोन नानकटाया मी त्याच्या हातावर ठेवल्या. बुटांना नावे ठेवणाऱ्यांची संख्या वाढत चालली होती, हे मात्र खरे.

जालना मागे पडले आणि मला एक गंमत दिसायला लागली. मावशीची बोली बदलत होती. नगरला ती आमच्यासारखी बोलते, शाळेच्या कमिटीसमोर तर पुस्तकासारखी बोलते. पण प्रत्येक स्टेशनागणिक तिच्या तोंडातला एक एक शब्द कूस बदलत होता. परतूरला तिने पेरूवाल्याला "लय महाग सांगायलास" म्हटले, आणि सेलूला उतरलो तेव्हा ती हमालाला म्हणत होती, "आमी काय साहेब न्हाईत बाबा, गठुडं आमचं आमीच उचलताव." मी तिच्याकडे बघतच राहिले.

सेलूहून देवगाव फाट्यापर्यंत बैलगाडी मिळाली. गाडीवान लिंबाजी नावाचा, अंगाने किडकिडीत आणि तोंडाने भारी बोलका. मार्च संपत आलेला. ज्वारी निघून गेली होती, काळ्या रानाला भेगा पडल्या होत्या आणि बांधाबांधावर पळस असा पेटला होता की माझे डोळे निवेनात. दर थोड्या वेळाने मी "अगं बघ, अगं बघ" करत मावशीला ढोसत होते. आमच्याकडे पळस नसतो असे नाही. पण प्रवासात आपला डोळाच वेगळा असतो.

आम्ही कुठे चाललो आहोत हे कळल्यावर लिंबाजीने बैलांना हळू केले. "तुमी जाताव ते ठीक हाय, तुमी तिकडचेच. पन आमच्यातलं कुनी तिकडं फिरकत न्हाई. त्या दिवशी त्या नदीचं पानी लागलं की मानूस किरिस्ताव होतंय म्हनं."

मला हसू आवरेना. "मग नदीतले मासे कोण आहेत?"

"माशाचं मला ठाव न्हाई, बाई. मानसाचं सांगितलं."

"आणि खालच्या गावाला तेच पाणी जातं. ती सगळी गावं बाटली का?"

लिंबाजीने गंभीरपणे विचार केला. "वाहत गेल्यावर त्याचा जोर कमी होत असंल," तो म्हणाला.

मी अजून काहीतरी सुनावणार होते, तेवढ्यात मावशीने माझा हात दाबला. तिचा चेहरा उतरला होता. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सटवा आजवर बहिणीकडे का फिरकला नाही, त्याचे उत्तर हा गाडीवान बैलांच्या शेपट्या पिळता पिळता देऊन गेला होता. मी ते हसण्यावारी नेले याचे मला वाईट वाटले.

देवगाव फाट्यावर मात्र पुन्हा उत्साहाला उधाण आले. एका मोठ्या लिंबाखाली पंचवीस-तीस माणसे गोळा झाली होती. बायका, पोरे, डोक्यावर गाठोडी, कुणाच्या काखेत कोंबडी. त्यांचे पुढारी याकोबबुवा. पांढऱ्या मिशा, खांद्यावर डफ आणि आवाज असा की डफाची गरजच नाही. त्यांनी आम्हाला पाहिल्याबरोबर जागा केली, पाणी दिले आणि हुकूम सोडला, "आता हितून गाडी बंद. चालायचं, गायचं, आन् रडायचं न्हाई."

चालायला सुरुवात झाली. पहिला तासभर मी सगळ्यांच्या पुढे होते. डफ वाजतोय, बायका भजन उचलतायत, धूळ उडतेय, पोरे मधूनच पळत पुढे जातायत. मला तर वाटत होते की हे असेच महिनाभर चालावे. मग ऊन चढले आणि टाचेला काहीतरी चावायला लागले. मी कुणाला बोलले नाही. हळूहळू मी मधल्या घोळक्यात आले, मग मागच्या. मावशी मात्र पदर कमरेला खोचून एका लयीत चालली होती, मेंढरांच्या मागे चालावे तशी. आमच्यातले अंतर वाढत गेले. शेवटी ती एका बांधावर माझी वाट पाहत उभी राहिली आणि म्हणाली, "माझे गुडघे ठीक हायत. तुझे पाय कसे हायत?"

मी बांधावर टेकले आणि बुटाची नाडी सैल केली.

दुपारी एका शेतकऱ्याच्या खळ्यावर थांबलो. खळ्यात ज्वारीची रास पडली होती, आणि शेतकऱ्याची बायको, चांगली ठसठशीत, कपाळभर कुंकू लावलेली, लिंबाच्या सावलीत ताक घुसळत होती. तिने सगळ्यांना ताक दिले, हात आखडता न घेता दिले. पण दिले ते वरून. आम्ही ओंजळ धरायची आणि तिने हातभर उंचावरून तांब्याची धार सोडायची. तांब्या ओंजळीला लागता कामा नये. माझ्या ओंजळीतले निम्मे ताक मनगटावरून कोपरापर्यंत गेले. माझे टाळके तापले. मी मावशीच्या कानात म्हटले, "हिला सांगू का, मी हिच्यासारख्या चाळीस जणींना शिकवते म्हणून?"

"ताक गोड हाय का?"

"हो, पण..."

"मग पी," मावशी म्हणाली आणि स्वतःची ओंजळ पुन्हा पुढे केली.

ताक खरोखर सुरेख होते. जिरे आणि कोथिंबीर घातलेले. मी तीनदा प्याले. राग मात्र तसाच राहिला, तो ताकाने शमणारा नव्हता.

त्या रात्री एका गावच्या ख्रिस्ती वस्तीत मुक्काम केला. भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि येसर आमटी (भाजून दळलेल्या धान्याची आणि मसाल्याची आमटी) असा बेत होता. ती आमटी इतकी झणझणीत होती की टाचेची आग मी विसरूनच गेले. एका आगीवर दुसरी आग हा उपाय मी आता सर्वांना सुचवीन.

सकाळी निघालो तेव्हा उजव्या हाताला एका नांगरटीत मेंढरांचा कळप बसलेला दिसला. शेतकरी खतासाठी धनगरांना शेतात मेंढरे बसवायला बोलावतात. मावशी एकदम थांबली. कळपाभोवती वाघर (जाळीचे कुंपण) लावलेले होते आणि पलीकडे एक बाई चूल पेटवत होती.

"कळप कुनाचा, माय?" मावशीने लांबूनच हाक दिली.

"बोरमाळच्या सटवाजीचा," तिच्याजवळचे पोर ओरडले.

मावशीने माझा दंड धरला. मीच पुढे झाले आणि सांगितले की ही रिबेकाबाई, सटवाजींची बहीण. बाईने फुंकणी खाली टाकली. ती सटवाची बायको, गयाबाई. दोघी नणंद-भावजय, आणि जन्मात पहिल्यांदा एकमेकींसमोर उभ्या. गयाबाई धावत आली आणि मावशीच्या पायाशी वाकली. मग तिने घोंगडी पसरली आणि आम्हाला बसवले. मीही मोठ्या समाधानाने बूट काढून पाय पसरले.

"सटवा कुठं हाय?" मावशीने विचारले.

गयाबाईने मान खाली घातली. "निरोप आला त्या दिसापासून त्याला भाकर गोड लागंना. पंच घरी येऊन सांगून गेले, नदीचं पानी लागलं तर तू आमचा न्हाईस. लेकीचं लगीन ठरलंय, आक्का. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर करत व्हता. आन् आज तांबडं फुटायच्या आदी उठून बोरमाळाकडं गेला. कामून गेला, काय बोलला न्हाई."

बोरमाळ म्हणजे आम्ही चाललो होतो त्याच्या बरोबर उलट दिशेला. नदीकडे पाठ करून तो आपल्या गावी निघून गेला होता. याचा अर्थ सांगायला कुणाची गरज नव्हती. मावशी उठली. गयाबाईच्या पाठीवरून तिने हात फिरवला आणि म्हणाली, "लेकीचं लगीन नीट होऊ दे. त्याला म्हनावं, आक्का रागावली न्हाई."

इतक्या जड प्रसंगात हसू यावे असे काही घडू नये, पण घडले. मी बूट घालायला वळले तर एक बूट जागेवर नाही. कळपाचा कुत्रा तो तोंडात धरून दूर नांगरटीत पळत होता, आणि मी त्याच्या मागे एका पायाने लंगडत. याकोबबुवांसकट सगळे वाटेवर उभे राहून बघत होते. कुत्र्याने बुटाचा असा चोथा केला की त्यातून फक्त नाडी ओळखू आली. गयाबाईने जीभ चावली, पण डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती हसत होती, आणि मावशीही हसली. दुसरा बूट मी कुत्र्यालाच देऊन टाकला. एकट्या बुटाचे मी तरी काय करणार? आणि खरे सांगते, पुढची सगळी वाट मी अनवाणी चालले आणि त्या बुटांपेक्षा सुखाने चालले.

दुपार कलली तेव्हा चढण संपली आणि खाली पूर्णा दिसली. मी लहान मुलीसारखी ओरडलेच. रुंद पांढरे वाळवंट, मधून निळ्या पाण्याचा पट्टा, काठावर चिंचेची दाट झाडे आणि झाडांमध्ये चुन्याने रंगवलेले बसके प्रार्थनामंदिर. चारी वाटांनी माणसांच्या रांगा उतरत होत्या. एकीकडून डफ, दुसरीकडून झांजा, तिसरीकडून एक पेटी. प्रत्येकाचे भजन वेगळे, आणि कुणीही थांबायला तयार नाही. आमच्या याकोबबुवांनी तर असा सूर लावला की समोरच्या टेकडीवरचे बगळे उडाले. मावशीचा हात धरून मी उतारावरून धावले. मावशीही धावली.

वाळूत गावागावांच्या रांगा बसल्या. पाळकबाबा (तिथले धर्मगुरू), साधे धोतर नेसलेले, चष्मा दोऱ्याने बांधलेले गृहस्थ, फिरून फिरून रांगा लावत होते. प्रार्थना झाली. मग घागरी भरभरून नदीचे पाणी आले आणि पायधुणी सुरू झाली. मी अनेक उपासना पाहिल्या आहेत, पण असे काही पाहिले नव्हते. म्हातारा सावकाश वाकून पोराचे पाय धुतोय, सून सासूचे, सासू सुनेचे. एक भांडखोर दिसणारी बाई दुसरीचे पाय धुता धुता तिला मागच्या वर्षीच्या कोंबडीवरून टोमणे मारतेय. हसणे, रडणे, गाणे सगळे एकत्र. आमच्या नगरची एक म्हातारी नर्सबाई तिथे होती. ती 'माझ्या गावची' निघाली आणि तिने माझे पाय धुतले. टाचेला पाणी लागताच मी कळवळले आणि ती म्हणाली, "बूट घातले होतेस वाटतं."

मावशी थोडी बाजूला, एकटीच बसली होती. बोरमाळची रांग एकटीची. पाय पुढे पसरलेले, धुळीने राखाडी झालेले. दुसऱ्या गावच्या बाया घागर घेऊन आल्या, तिने हात जोडून नको म्हटले. मी गेले. "मी धुते, मावशी. मी तर घरची आहे ना."

"घरची हायस. गावची न्हाईस," ती म्हणाली. मला ते लागले. पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून मी मागे सरले.

हळूहळू सगळ्या रांगा उठल्या. चिंचेखाली मोठमोठ्या हंड्यांत आमटी उकळून थांबली होती, भाकरीच्या चवडी फडक्याखाली होत्या. पोरे रडायला लागली. लोक कुजबुजू लागले; आधी हळू, मग ऐकू जाईल असे. पाळकबाबा मावशीजवळ येऊन वाळूत बसले.

"रिबेकाबाई, तो येणार आहे का?"

"न्हाई येनार," मावशी म्हणाली. "ते मला ठाव हाय."

"मग?"

"मग मी म्हनलेलं हाय, म्हनून बसले. मला सोडून तुमी जेवा."

"ते चालत नाही. रीत आहे."

मावशीला ते माझ्याहून चांगले ठाऊक होते. सगळी जत्रा आपल्यामुळे उपाशी आहे याची तिला लाज वाटत होती, आणि तरी तिला उठवत नव्हते. शेवटी तिने डोळे पुसले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "आन घागर. तूच धू."

मी घागर आणायला वळले आणि चढणीवर एक माणूस दिसला.

तो धावत नव्हता, पण चालतही नव्हता. ओझे खांद्यावर घेऊन माणूस जसा लगबगीने दुडकत येतो तसा येत होता. गुडघ्यापर्यंत धूळ, खांद्यावर घोंगडी आणि घोंगडीवर तांब्याची घागर, तोंडाला पळसाची पाने आणि फडके घट्ट बांधलेले. वाळू सुरू होते तिथे तो थबकला. ओल्या वाळूकडे त्याने अशा नजरेने पाहिले की जणू तिथे विस्तव पसरला आहे.

"आक्का," त्याने हाक मारली. "राहीआक्का."

हे नाव मी कधी ऐकले नव्हते. मावशी उठून उभी राहिली.

"मी खाली येनार न्हाई," सटवा म्हणाला. त्याला धाप लागली होती. "त्या नदीचं पानी शिवनार न्हाई. मला लेक उजवायची हाय. पन आपल्या आडाचं पानी आनलंय मी. बोरमाळच्या. आपल्या गावचं पानी हाय, त्याला पंच काय म्हनतेत बगू."

मग सगळ्यांच्या लक्षात आले. भल्या पहाटे तो उलट दिशेला गेला होता तो नदी टाळायला नव्हे. आपल्या गावची घागर भरून, ती खांद्यावर घेऊन, तो सगळी वाट चालत आला होता.

याकोबबुवा पुढे झाले. "पन रीत नदीच्या पान्याची हाय. असं कसं..."

"याकोबबुवा," पाळकबाबा चष्मा पुसत म्हणाले, "आमटी आटत चाललीय."

बुवांनी खांद्यावरचा डफ खाली ठेवला. त्यांनाही भूक लागली असावी.

मावशी कोरड्या वाळूवर गेली आणि भावासमोर बसली. दोघांनी एकमेकांकडे नीट पाहिलेही नाही. पाहायला गेले असते तर मला वाटते दोघांचेही काही खरे नव्हते. सटवाने फडके सोडले, पाने काढली आणि घागर तिच्या पायांवर वाकवली. तेवढ्यात मावशीने पाय मागे घेतले.

"थांब," ती म्हणाली. "आदी पिऊ दे."

तिने ओंजळ धरली. सटवा क्षणभर घुटमळला. जातीबाहेरच्या ओंजळीत पाणी कसे घालतात ते त्याला ठाऊक होतेच, आणि आम्हा सर्वांनाही. मग त्याने घागर खाली आणली, आणखी खाली, इतकी की तिचा काठ मावशीच्या बोटांवर टेकला. मावशी प्याली. श्वास घ्यायला थांबली आणि पुन्हा प्याली. पदराने तोंड पुसून तिसऱ्यांदा ओंजळ धरली. मी इकडे उघडपणे रडत होते आणि मला त्याची लाज नाही. मग उरलेल्या पाण्याने सटवाने तिचे पाय धुतले, टाचा अंगठ्याने चोळून, मेंढराच्या खुरातला चिखल काढावा तसे कसून.

जेवणाची एकच झुंबड उडाली. सटवा आमच्या पंक्तीला बसला नाही. तो वाळूच्या कडेला, घोंगडीवर आपली भाकरी सोडून बसला. मावशीने आपले ताट उचलले आणि ती तिथे जाऊन बसली. दोघे काय बोलत होते ते मला ऐकू आले नाही. मला फक्त एकदा मावशी मोठ्याने हसलेली ऐकू आली. त्या दिवशीची आमटी आटून पिठल्यासारखी घट्ट झाली होती आणि मी आयुष्यात इतके चवदार काही खाल्लेले नाही.

परतीच्या गाडीत मावशी खिडकीशी बसली होती. जालना गेले, औरंगाबाद गेले, आणि तिचे शब्द एकेक करून पुन्हा नगरचे होऊ लागले. मी विचार करत होते, की नियम मोडणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत आणि नियमाला शरण जाणारी त्याहून जास्त. पण पंचांचाही नियम पाळायचा, जत्रेचाही पाळायचा आणि त्या दोन्हींतून बहिणीच्या ओंजळीपर्यंत वाट काढायची, तीही भरलेली घागर खांद्यावर घेऊन, असा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. शाळेत मी मुलींना पुष्कळ गोष्टी शिकवते. हे कसे शिकवायचे ते मात्र मला माहीत नाही.

नगरला उतरल्यावर मावशीने स्टेशनच्या नळाखाली ओंजळ धरली. पाणी प्याली आणि चेहरा वाकडा केला. मी हसले. घरी कुठलेही पाणी दिले तरी ती नाक मुरडते, हे आमच्याकडे सर्वांना ठाऊक आहे.

"बोरमाळचं पाणी कसं होतं गं?" मी विचारले. "फार गोड?"

"छे," मावशी म्हणाली. "मचूळ आहे. पहिल्यापासून मचूळच होतं. डाळ शिजत नाही त्यात."

आम्ही टांग्याकडे चालू लागलो. मी अजूनही अनवाणीच होते. थोडे पुढे गेल्यावर ती आपणहून म्हणाली, "सटवाला सांगून आलेय, पुढच्या साली मोठी घागर आण. ही पिऊनच संपत आली होती."

"मग तो काय म्हणाला?"

"म्हणाला, खांदा माझा मोडतोय, आक्का, तुझं काय जातंय," मावशी म्हणाली, आणि टांग्यात चढताना ते तिने पुन्हा एकदा, हुबेहूब त्याच्या आवाजात म्हणून दाखवले.